बोलेरोला निघणारा हुक लावला त्याची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात आम्ही नव्या दोन एकरात संत्र्याची २०० कलमं लावली, २० बाय २० फुटावर, आणि तेव्हा पाण्याचा विचार केला नव्हता असं नाही, केला होता, विहिरीवरून पाइप टाकू म्हणलं होतं. पण विहीर आहे जुन्या वावरात, नवं वावर पल्याड, आणि मधात काकाचं वावर. काका म्हणाले धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, गाडी घोडा काय न्यायचा तो न्या, पण नाली खोदू देणार नाही. का नाही, ते त्यांनाच माहीत. आमच्या वरूडकडं तसंही पाण्याची बोंब आहेच, बोअर मारून मारून जमीन चाळणी झाली आणि पाणी खालीच चाललं, त्यामुळं नव्या वावरात आणखी एक बोअर मारायचा बाबांना पण धीर नव्हता अन मला पण. मार्चपासून ट्रॅक्टरवाल्याला सांगून टाकी न्यायला लागलो. त्याला फुरसत असली तर तो येणार, नाहीतर उद्या येतो भाऊ, आणि प्रत्येक खेपेचे ३०० रुपये. एका झाडाला १० लिटर धरलं तर ५०० लिटरच्या टाकीत ५० झाडं होतात, म्हणजे एका पाळीला चार खेपा, तुम्हीच हिशोब करा.

घरी बोलेरो उभी. लग्नाला, दवाखान्यात, बाजाराला जायची गाडी, पण शेवटी चेसीसवरची, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरची गाडी, मागं पाट्याचे स्प्रिंग, वजन दीड टनाच्या वर. मी म्हणलं हिलाच मागं हुक लावू आणि दोन चाकांची छोटी ट्रॉली ओढू. बाबा खाटेवर बसून सुपारी कातरत होते, वर न पाहताच म्हणाले, "गाडी माणसं बसाले घेतली का ढोरासारखी जुपाले?" आणि विषय तिथंच संपला. म्हणजे त्यांच्यासाठी संपला.

पक्का हुक तर मला पण नको होता. मावसभावाच्या गाडीला आहे, बंपरच्या मागं वीतभर लोखंडाचा गोळा निघून असतो बारा महिने. माय त्याच्याकडं गेली होती साक्षगंधाला तेव्हा अंधारात गाडीच्या मागून निघताना पायाच्या नळीवर असा लागला की महिनाभर डाग होता. "मेलं ते लोखंड आपल्या घरी आणू नको," हे तिनं तेव्हाच सांगून ठेवलं होतं. दुसरं म्हणजे कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे गाडीत परस्पर फेरफार करण्याबद्दल, त्याच्याच आधारावर २०१७ च्या डिसेंबरात केंद्रानं राज्यांना पुढच्या बुलबारवर कारवाई करा असं कळवलं होतं, तेव्हा आमच्याकडं पण कितीकांनी ते पुढचे पाइप काढून भंगारात दिले. मागचा हुक म्हणजे बुलबार नव्हे हे मला समजते, पण रोडवर गाडी जाताना मागं काही निघालेलं नको एवढं ठरवलं. आणि ट्रॉली हे कायद्यानं वेगळं वाहन, तिची नोंदणी वेगळी, म्हणून ती रोडवर न्यायचीच नाही. आमचं घर जुन्या वावरातच आहे, तिथून काकाचा धुरा अन पुढं नवं वावर, रोड लागतच नाही. तुमचा लागत असेल तर आधी आरटीओत विचारा मग लोखंडाला हात लावा.

तर निघणारा म्हणजे काढता-लावता येणारा हुक, इंग्रजीत डिटॅचेबल टोबार. यात दोन जाती. एक युरोपातली, हंसाच्या मानेसारखा वाकलेला दांडा खालून खोबणीत घालायचा, कट्ट असा आवाज येऊन लॉक होतो अन किल्ली काढून घ्यायची. लय भारी वस्तू, पण आपल्या गाड्यांसाठी सहज मिळत नाही आणि किंमत ऐकून मी फोन खाली ठेवला. दुसरी साधी अमेरिकन पद्धत, चेसीसला आडवा पाइप, त्याच्या मधोमध दोन इंची चौकोनी नळी, तिला रिसीव्हर म्हणतात. त्यात गोळा असलेला दांडा सरकवायचा, आरपार १६ मिलिमीटरची पिन टाकायची, पिनेला क्लिप. काढायचं तर क्लिप काढ, पिन काढ, दांडा ओढ. आपल्या बंडीच्या जुवात शिवळ घालतो त्यातलाच प्रकार. मी हा मागवला ऑनलाइन, वर ट्रॉलीच्या टोकाला लावायचा, गोळ्यावर बसणारा कपलर वेगळा मागवला दुसऱ्याकडून, आणि ही दुसऱ्याकडून मागवायची अक्कल मला पुढं नडली.

पार्सल आलं ते वीस किलोच्या वर होतं, पोरं दोघं मिळून ओढत अंगणात आणली. उघडलं तर रंग मस्त, वेल्डिंग ठीक, सोबत बोल्टची पुडी. बोल्टच्या डोक्यावर काहीच लिहिलेलं नाही! चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा उठवलेला असतो, ती त्याची ताकद, कोऱ्या डोक्याचा बोल्ट म्हणजे खाटेला लावायचा. ते बाजूला ठेवले आणि वरूडला जाऊन ८.८ चे १२ एमएमचे आठ बोल्ट आणले. मग गाडीखाली शिरून पट्ट्या चेसीसला लावून पाहिल्या तर चार भोकांपैकी दोनच जुळतात, बाकीची दोन ८ मिलिमीटरनं चुकलेली, दोन्ही बाजूला. विकणाऱ्याला फोटो पाठवले, तो म्हणे सर थोडं घासून घ्या. घासून भोक लांबट केलं की बोल्टला सरकायला जागा झाली, मग त्या बोल्टचा अर्थच काय राह्यला.

आमच्या फाट्यावर एक वेल्डिंगवाला मिस्त्री आहे, बंड्यांचे लोखंडी साटे अन ट्रॉल्या तोच बनवतो, माणूस हुशार पण त्याच्या हातात होल्डर आला की त्याला सगळी दुनिया वेल्डिंगनंच जोडायची असते. तो आल्या आल्या म्हणाला, "भाऊ, कायले बोल्टच्या नादी लागता, चार टाके मारतो, जन्मात निंघत नाई." मी म्हणलं चेसीसला वेल्डिंग अजिबात नाही. चेसीसचा पत्रा तापला की टाक्याच्या कडेला कमजोर होतो, पुढं ओढाताणीत तडा तिथूनच जातो, आणि बॅटरी न काढता वेल्डिंग केलं तर गाडीतल्या इलेक्ट्रॉनिकचा पण निकाल. तो थोडा रुसला. मग ठरलं असं की विकतच्या बाजूपट्ट्या कापायच्या, ८ एमएमच्या प्लेटच्या नव्या बनवायच्या, चेसीसला आधीच जी भोकं आहेत ती कागदावर छापून घ्यायची अन प्लेटला तिथंच पाडायची. वेल्डिंग काय करायचं ते गाडीपासून दूर, प्लेट आणि आडव्या पाइपाचं. नव्या प्लेटला दर बाजूला तीन भोकं जुळली, सहा बोल्ट पुरले.

काम केलं एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, निंबाच्या सावलीत, सकाळी सहाला सुरू केलं कारण अकरानंतर पाना हातात धरवत नाही, उन्हात ठेवलेला असला तर चटकाच बसतो. बंपर काढायला अर्धा तास. एक स्क्रू गंजून बसला होता त्याच्यावर डिझेल सोडून चहा पिऊन आलो तोवर सुटला. सायलेन्सरचा रबरी लटकन मधात येत होता, तो काढून इंचभर बाजूला घेतला.

खरं डोक्याला ताप म्हणजे नट. चेसीस म्हणजे बंद डबा, बोल्ट बाहेरून जाईल पण आतून नट धरणार कोण? आणि दोन्ही भिंतीतून आरपार लांब बोल्ट टाकून कसला तर डबाच पिचकतो, आत बुशचा, म्हणजे जाड नळीचा तुकडा ठेवला नाही तर. यावर उपाय असा की दोन इंच रुंद पट्टीवर बरोबर अंतरावर नट वेल्ड करून घ्यायचे आणि ती पट्टी चेसीसच्या मागच्या उघड्या तोंडातून आत सरकवायची. मिस्त्रीनं पट्ट्या बनवून दिल्या. मी बायंडिंग वायर भोकातून आत घातला, मागच्या तोंडातून बाहेर काढला, त्याला पट्टी बांधली अन ओढली. पट्टी आत आडवी पडली. परत काढली. परत ओढली, आता नट भोकाच्या खाली पाव इंचावर, स्क्रूड्रायव्हरनं उचलायला गेलो तर वायर सुटला आणि पट्टी आत खळ्ळकन खोल गेली. गाडीच्या खाली उताणा पडून, डोळ्यात चेसीसमधली दहा वर्षाची माती, मी त्या भोकात बोट घालून बसलो होतो तेव्हा माझ्या नववीतल्या पोट्टीनं शाळेच्या प्रयोगातलं लोहचुंबक आणून दिलं. भोकाबाहेर चुंबक फिरवत फिरवत पट्टी आणली हो जागेवर! दुसऱ्या बाजूची पट्टी मग पहिल्याच झटक्यात बसली, वायर दोन ठिकाणी बांधला म्हणून.

आता कसणे. १२ एमएमच्या ८.८ बोल्टला साधारण ८० न्यूटन मीटर ताण द्यायचा असतो, त्याला टॉर्क पाना लागतो, आणि तो आमच्या आजूबाजूच्या पाच गावात ज्या एका गॅरेजवाल्याकडं आहे तो लग्नाला नागपूरला गेलेला. मिस्त्री म्हणे हातानं कसा, हाताले समजते. त्याच्या हाताला समजत असेल, माझ्या नाही. मग मी हिशोब केला की ८० न्यूटन मीटर म्हणजे एक मीटर दांड्याच्या टोकाला जवळपास ८ किलो, अर्ध्या मीटरला १६ किलो. १९ नंबरच्या पान्यात पाइप घातला, बोल्टच्या मध्यापासून बरोबर ५० सेंटीमीटरवर खडूनं खूण केली, आणि घरात तूर होतीच. पाइपाचं स्वतःचं वजन धरून थैलीत १५ किलोच मोजून घेतली. पाइप मागं आडवा, जमिनीला समांतर धरून थैली खुणेवर अडकवून हळू सोडायची, पाना खाली जात राह्यला तर बोल्ट अजून घेतो, पाना जागेवर थांबला तर झालं. बोल्ट बाजूनं आडवे जातात म्हणून जमलं, खालून उभे असते तर ही युक्ती गेली पाण्यात. सहाही बोल्ट असे केले, एकेकाला दोनदा थैली लावली. माय ओसरीतून पाहत होती, म्हणाली, "डाळ कराची तूर हाये ते, गाडीले कायले चारतं?"

इतकं झाल्यावर दांडा सरकवला, पिन टाकली, मागं उभं राहून लाथ मारली, गाडी हलली पण हुक नाही हलला. खुशीत ट्रॉली ढकलत आणली, कपलर गोळ्यावर ठेवला आणि हँडल दाबलं. बसेना. दोघांनी जोर लावला, बसेना. कपलरवर नीट वाचलं तर ५० एमएम असं उठवलेलं. गोळा दोन इंची. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. पाऊण मिलिमीटरचा फरक, नखाएवढा पण नाही, आणि सगळं अडलं. मिस्त्रीनं लगेच ग्राइंडर उचललं, "गोळा घासून देतो." घासलेला गोळा गोल राहत नाही, एका अंगानं सैल एका अंगानं घट्ट, त्यापेक्षा ट्रॅक्टरच्या भाड्याचे ३०० परवडले. आणि उलट केलं असतं तर आणखी वाईट, दोन इंची कपलरमध्ये ५० चा गोळा बसतो निवांत, लॉक पण होतो, आणि खड्ड्यात उडी बसली की निघू शकतो. तुम्ही घेताना गोळा आणि कपलर एकाच मापाचे घ्या, आकडा दोन्हीवर लिहिलेला असतो, मी वाचला नाही. ५० चा गोळा यायला आठ दिवस गेले आणि त्या आठ दिवसात ट्रॅक्टरवाल्याला आणखी चार खेपा.

त्या आठ दिवसात वायरिंग केलं. सात पिनचा सॉकेट, त्यात रंग ठरलेले असतात, पिवळा डावा इंडिकेटर, हिरवा उजवा, लाल ब्रेक, काळा अन तपकिरी टेललाइट, पांढरा अर्थिंगचा. मागच्या लाइटच्या वायरला जोड देऊन सोल्डर केलं, वरून टेप. ट्रॉलीला एलईडी लाइट लावले म्हणजे गाडीच्या वायरवर भार कमी पडतो. लावून पाहिलं तर मजाच, ब्रेक दाबला की दोन्ही इंडिकेटर मंद पेटतात, इंडिकेटर दिला की टेललाइट मिचकावते. हे असं भुतासारखं चाललं की समजायचं अर्थिंग गेलं. मी ट्रॉलीचं अर्थिंग तिच्या लोखंडालाच दिलं होतं, म्हणलं गोळ्यातून गाडीला पोचेल, पण गोळ्याला तर ग्रीस फासलेलं. पांढरा वायर वेगळा ओढून चेसीसचा रंग खरवडून बोल्टखाली दाबला, भूत गेलं.

नवा गोळा आला, कपलर कट्ट बसला, दोन साखळ्या कपलरच्या खालून एकमेकीवर आडव्या करून लावल्या म्हणजे समजा सुटलाच तर दांडी जमिनीत न घुसता साखळीवर झेलली जाते. टाकी भरली. आता नाकावरचं वजन पाहायचं होतं. साधारण सांगतात की ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के वजन गोळ्यावर आलं पाहिजे, कमी असलं तर ट्रॉली मागं नागमोडी डुलते, जास्त असलं तर गाडीचं पुढचं अंग हलकं होते. ट्रॉली १३० किलो, पाणी ५००, म्हणजे गोळ्यावर ३२ ते ६३ च्या मधात काहीतरी हवं. तीन बल्ल्या उभ्या करून त्याला कापसाचा काटा टांगला, काट्याला दांडीचं टोक, चाकं जमिनीवर. काटा दाखवतो १२ किलो.

मी परत मोजलं. १२ च. मोबाइल काढून पुन्हा व्हिडिओ पाहायला लागलो, टाकी भरायच्या आधी मोजायचं का नंतर वगैरे. एवढ्यात बाबा आले मागून, आठ दिवस या कामाकडं फिरकले नव्हते, येऊन त्यांनी नुसता एक हात दांडीखाली घातला आणि वरखाली करून पाहिलं, जसं बैल जुपायच्या आधी बंडीची धुरा उचलून पाहतात तसं.

"उलाळ हाये हे."

मी पाहतच राह्यलो. बंडीत माल मागं जास्त भरला की धुरा वर उठते, जू बैलाच्या गळ्याला खालून फास देते, त्याला उलाळ म्हणतात, लहानपणी हजारदा ऐकलेला शब्द, आणि मी इतके दिवस मोबाइलमध्ये इंग्रजीत तेच शोधत होतो. बाबा म्हणाले, "टाकी पुढं घे अर्धी वीत. लय घेऊ नको, नाईतर मानेवर पडन."

टाकी रिकामी करायचं जिवावर आलं होतं पण केली. चाकापासून गोळ्यापर्यंत दोन मीटर अंतर, पाणी ५०० किलो, हिशोबानं १४ सेंटीमीटर पुढं घेतली तर ३५ किलो वाढायला पाहिजे. साडेपाच इंच सरकवली, परत आवळली, परत भरली, काटा ४७. बाबांची अर्धी वीत म्हणजे साडेचारच इंच भरते हे मी त्यांना सांगितलं नाही.

पहिली खेप मीच नेली. पहिल्या गिअरमध्ये, वीसच्या वर काटा जाऊ दिला नाही, ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत, सगळं गाडीलाच थांबवायचं. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रॉलीला बिनब्रेकचं चालते, पण त्यालाही गाडीच्या निम्म्या वजनाची अट असते, आणि तिकडं आमच्यासारखे धुरे नसतील. जाताना भरलेली टाकी शहाण्यासारखी आली. अर्धी झाडं झाल्यावर अर्ध्या टाकीनं निघालो तर प्रत्येक ब्रेकला पाणी पुढं येऊन धप्पकन धक्का, क्षणभरानं मागं जाऊन ओढ, गाडीत कोणी ढकलते ओढते असं वाटते. आता एक तर भरून हलवतो नाही तर रिकामी करून, मधे नाही.

रिव्हर्स घेताना मात्र इज्जत गेली. स्टेअरिंग डावीकडं फिरवलं की ट्रॉलीचं बूड उजवीकडं जाते, डोक्याला माहीत असून हात ऐकत नाही. विहिरीजवळ मी गाडीचा अन ट्रॉलीचा असा कात्रीसारखा कोन केला की टाकीपुढच्या छोट्या टेकू चाकाचं हँडल थेट मागच्या दारावरच्या स्टेपनीवर टेकलं. स्टेपनीच होती म्हणून वाचलो, पत्रा असता तर गेला असता. त्या टेकू चाकाचं हँडल त्याच दिवशी काढून डॅशबोर्डच्या खणात टाकलं, लागलं की लावतो. आणि रिव्हर्सची भानगडच नको म्हणून आता दोन्ही वावरात गोल फिरायला जागा सोडली आहे, बंडी तरी कुठं रिव्हर्स जाते.

दहा खेपांनंतर परत तुरीची थैली लावून बोल्ट तपासले. डाव्या बाजूचे दोन पाव आट्याएवढे गेले, बाकी जागेवर. रंग दबतो, प्लेट बसते, त्यामुळं पहिल्यांदा थोडं सैल होतेच, दुसऱ्यांदा तपासले तेव्हा एकही हलला नाही. नळीला आतून ग्रीस लावून तोंडात प्लास्टिकचं बूच बसवलं, नाहीतर पावसाळ्यात आत माती जाऊन दांडा अडकला असता, मग निघणारा हुक घेतला कशाला.

रोज संध्याकाळी दांडा काढतो अन कोठ्यातल्या खुंटीवर टांगतो, मायला शब्द दिला आहे. एक दिवस पिनेची क्लिप वावरात कुठंतरी पडली, अर्धा तास ढेकळात शोधली, सापडली नाही, तारेचा तुकडा वाकवून घरी आलो. दुसऱ्या दिवशी वरूडहून नवी क्लिप आणली आणि खुंटीवर ठेवली. सकाळी पाहतो तर क्लिप पिनेला सुतळीनं बांधलेली, वर ती गाठ, जी बाबा बैलाच्या कासऱ्याला मारायचे, ओढली तर आवळते आणि सोडायची तर एका टोकानं सुटते.